जुना शेअरवेअर गेम हवाय? मग आधी सीडी शोधा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: १९९९-२००० च्या सुमारास एका संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीवर विंडोजचा एक छोटा गेम होता. मुंग्यांचं वारूळ सांभाळायचं, पहिले काही टप्पे फुकट, पुढचे पैसे भरल्यावर. नाव आठवत नाही, जुन्या गेमांच्या कुठल्याच यादीत तो दिसत नाही. तो कसा शोधायचा? आणि माळ्यावर फ्लॉप्या-सीडींचा एक खोका पडून आहे, त्याचं काय करायचं?

नाव आठवत नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. नाव पक्कं आठवणारी माणसंही बहुतेकदा चुकीचं नावच शोधत बसतात. कारण खेळाचं नाव एक, फाईलचं नाव दुसरं आणि मासिकाने सीडीच्या मेनूत छापलेलं तिसरं. हे काम करताना मी खेळाच्या मागे धावत नाही. तो कशातून आला, म्हणजे कुठली सीडी, कुठली झिप (अनेक फाईली दाबून बांधलेलं पुडकं), कुठल्या सर्व्हरचं कुठलं फोल्डर, याचा माग काढतो. ते सापडलं की खेळ त्याच्या आत असतोच, आणि त्याच्या शेजारी तुम्ही विसरलेले आणखी चार असतात.

यामागे शेअरवेअरचा स्वभाव आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम 'वापरून बघा, मित्रांना कॉपी द्या, आवडला तर पैसे पाठवा' अशा बोलीवर सोडला. जिम नॉफ यांचा 'पीसी-फाईल' आणि बॉब वॉलेस यांचा 'पीसी-राईट' त्याच काळातले. म्हणजे कॉपी होणं हाच धंद्याचा पाया. गेमांमध्ये ही पद्धत पक्की केली ती ॲपोजी या गेम कंपनीच्या स्कॉट मिलर यांनी. १९८७ मध्ये 'क्रॉझ' विकताना त्यांनी खेळाचे भाग पाडले: पहिला भाग फुकट वाटायचा, उरलेले टपालाने पैसे पाठवणाऱ्याला. १९९० च्या डिसेंबरमध्ये आलेला 'कमांडर कीन' आणि १९९२ चा 'वुल्फेन्स्टाईन थ्रीडी' याच वाटेने गेले. १० डिसेंबर १९९३ ला 'डूम'चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर चढला तोही याच हिशोबाने.

याचा परिणाम आज असा दिसतो की फुकटचा भाग हजार ठिकाणी पडलेला आहे आणि पैसे देऊन घेतलेला भाग फक्त त्या प्रामाणिक गिऱ्हाईकांच्या फ्लॉपीत. ज्याने नियम पाळून कॉपी वाटली नाही, त्याच्याबरोबर ती संपली. म्हणून कोणी 'गेम हरवलाय' म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला भाग? फुकटचा असेल तर बहुधा तो हरवलेला नसतो, गाडलेला असतो. पूर्ण आवृत्ती हवी असेल तर मात्र खरंच शोधमोहीम काढावी लागते, आणि तिची पद्धत वेगळी. तिच्याकडे नंतर येतो.

तुमचा गेम पहिल्या प्रकारातला आहे, म्हणून आधी गाडलेल्या मालाबद्दल.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात फाईलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, एवढीच जागा होती. त्यामुळे नावं सांकेतिक लिपीसारखी व्हायची. 'डूम१९एस.झिप' म्हणजे डूम, आवृत्ती १.९, शेअरवेअर. ही रीत एकदा डोळ्यांना सवयीची झाली की फोल्डरची नुसती यादी वाचूनही बरंच कळतं. झिप उघडली की आत 'फाईल-आयडी डॉट डिझ' नावाची एक चिमुकली मजकूर फाईल सापडते. फोनलाईनवर मोडेम लावून जोडायचे ते बुलेटिन बोर्ड आपल्या यादीत वर्णन आपोआप भरता यावं म्हणून ही फाईल वाचायचे. जेमतेम दहा ओळी, प्रत्येक ओळीत ४५ अक्षरं, आणि त्या बहुतेकदा खुद्द लेखकाने लिहिलेल्या. नाव आठवत नसलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही, कारण लेखक तिथे खेळाचं नाव सांगून थांबत नाही; मुंग्या आहेत, वारूळ आहे, किती टप्पे आहेत, कुठलं विंडोज लागेल, सगळं कोंबतो. तुमच्या बाबतीत शोधायचे शब्द हेच.

हे शोधायचं कुठे? इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या शेअरवेअर सीडींच्या जशाच्या तशा प्रतिमा (म्हणजे अख्ख्या सीडीची नक्कल असलेल्या फाईली) मोठ्या संख्येने आहेत. वॉलनट क्रीक सीडीरॉम ही कंपनी 'सिमटेल'सारख्या सर्व्हरवरचा अख्खा साठा सीडीवर भरून विकायची. 'नाईट आउल'च्या सीडी होत्या, 'पीसी-सिग'च्या होत्या. जेसन स्कॉट यांनी आपल्या टेक्स्टफाईल्स या संग्रहात अशा सीडी आधीपासूनच उघड्या करून ठेवल्या आहेत. पण प्रतिमा उतरवून एकेक उघडत बसाल तर आयुष्य जाईल. २०२२ मध्ये 'डिस्कमास्टर' नावाचं शोधयंत्र सुरू झालं. ते या सीडींच्या पोटात शिरतं, झिपच्या आतली झिपसुद्धा सोडवतं, आणि फाईलचं नाव, प्रकार, आकार, तारीख यावरून शोधू देतं. वर्णनाच्या फाईलींमधला मजकूर तिथे वाचता येतो. मी सुरुवात नेहमी इथूनच करतो. गूगलवर गेमाचं वर्णन टाकून बसलेल्यांना मी अजून फारसं काही सापडलेलं पाहिलेलं नाही. त्या झिपमधला मजकूर गूगलने कधी वाचलेलाच नसतो.

आता आपल्याकडची गोष्ट. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं खरं, पण डायलअपवर दोन-चार एमबीची फाईल उतरवायची म्हणजे फोनचं बिल, मध्येच तुटणारी लाईन आणि घरच्यांची बोलणी. त्यामुळे इथे शेअरवेअर घरोघर पोचवलं ते मासिकांच्या सीडींनी. 'पीसी क्वेस्ट' होतं, आणि मुंबईहून निघणारं 'चिप', जे २००१ मध्ये 'डिजिट' झालं. या सीडी परदेशी संग्रहांमध्ये तुटक तुटक आहेत, कारण परदेशात त्या कोणाकडे नव्हत्याच. त्या ज्यांच्याकडे होत्या ते आपण, आणि आपण त्यांचं काय केलं? चहाच्या कपाखाली ठेवल्या, किंवा पक्षी येऊ नयेत म्हणून गॅलरीत टांगल्या.

सीडी मिळाली नाही तरी मासिकाचा अंक मिळतो का पाहा. सीडीवर काय काय आहे याची यादी अंकात छापलेली असायची, बहुतेकदा विभागवार आणि एकेका ओळीच्या वर्णनासह. रद्दीवाले, जुनी पुस्तकं विकणारे, अभियांत्रिकी महाविद्यालयांची ग्रंथालयं, सगळीकडे विचारा. ग्रंथालयांनी अंक बांधून ठेवलेले असतात. सीडी मात्र वेगळ्या कपाटात किंवा कुठेच नाही. यादीतून नाव हाती लागलं की पुढचा शोध डिस्कमास्टरवर अर्ध्या तासाचा.

एक इशारा. आपल्या आठवणीतले बरेच 'फुकटचे' गेम मुळात फुकटचे नव्हतेच. शाळेच्या लॅबमध्ये आपण सगळे जो 'डेव्ह' खेळलो, तो 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये ॲपल टू साठी केला आणि डॉसवर तो १९९० मध्ये आला. तो सॉफ्टडिस्कच्या वर्गणीच्या डिस्कवर मिळायचा, शेअरवेअर म्हणून नव्हे. 'डिगर' १९८३ चा, कॅनडाच्या विंडमिल सॉफ्टवेअरचा, तोही विकायचा माल. असेंबल केलेल्या मशीनबरोबर दुकानदाराने ते टाकून दिले म्हणून आपल्याला ते हवेसारखे वाटले. असा गेम शेअरवेअरच्या सीडींवर शोधत राहिलात तर तो तिथे मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी कोणीतरी कॉपी-संरक्षण फोडलेली प्रत असेल.

सीडींवर नसेल तर जुनी वेबपानं जपणारं वेबॅक मशीन. इथे लोक मुखपृष्ठ उघडतात, 'डाऊनलोड'वर टिचकी मारतात, ते चालत नाही, आणि निराश होऊन परत जातात. त्याऐवजी वेबॅकची सीडीएक्स ही सूची विचारा. एखाद्या पत्त्याखालच्या जपलेल्या सगळ्या फाईलींची ती यादी देते, आणि फक्त झिप किंवा फक्त ईएक्सई (प्रोग्रामची फाईल) अशी चाळणीही लावता येते. पानावरचा दुवा मेलेला असला तरी फाईल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या नावाने साठवली गेलेली असू शकते. फाईल उतरवताना पत्त्यातल्या तारखेच्या आकड्याला लागून 'आयडी' आणि अंडरस्कोर जोडा, म्हणजे वेबॅक आपली पट्टी न चिकटवता मूळ बाईट जसेच्या तसे देतं. फुकट वेबपानं देणाऱ्या जिओसिटीजवर पान असलेल्या लेखकांसाठी वेगळा संग्रह पाहावा लागतो. ती सेवा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली तेव्हा आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी जेवढं उचलता आलं तेवढं उचललं होतं.

आणि बंद होण्याचं हे सत्र संपलेलं नाही. सिमटेल २०१३ मध्ये गेलं. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाने चालवलेलं ओएस/२ या संगणक प्रणालीच्या फाईलींचं 'हॉब्स' २०२४ च्या एप्रिलमध्ये गेलं. ते आधी जाहीर झालं होतं म्हणून माल वाचला. ब्राउझरमधले गेम चालवणारं फ्लॅश २०२० अखेर संपलं, पण 'फ्लॅशपॉईंट' प्रकल्पाने २०१८ पासूनच तयारी केली होती म्हणून ते गेम आज खेळता येतात. विंडोजवरच्या एकेकट्या हौशी लेखकांसाठी असं कोणी आगाऊ धावलेलं नसतं. 'क्लिक अँड प्ले' किंवा 'गेम मेकर' या गेम बनवायच्या साधनांमध्ये कॉलेजच्या पोरांनी केलेले गेम याच खिंडीत सापडलेले आहेत.

आता पूर्ण आवृत्ती. इथे मार्ग एकच खात्रीचा, तो म्हणजे लेखक. झिपमधली ऑर्डर फॉर्मची फाईल उघडा. नाव, गाव, कधी कॉम्प्युसर्व्ह या जुन्या ऑनलाईन सेवेवरचा आकडी पत्ता मिळतो. पंचवीस वर्षांत घर बदललेलं असणार, पण नाव आणि गाव यावरून नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळांवर माणूस सापडतो. पहिल्याच पत्रात 'गेम पाठवा' म्हणू नका. तुम्ही तो कुठे खेळलात, काय आवडलं, हे लिहा आणि मग तीन गोष्टी विचारा: पूर्ण आवृत्ती मोफत वाटायची लेखी परवानगी द्याल का, जुन्या डिस्क किंवा सोर्स कोड (प्रोग्रामचं मूळ लिखाण) शिल्लक आहे का, आणि आणखी कुठल्या आवृत्त्या निघाल्या होत्या. परवानगी पहिली. कारण फाईल आम्हा जुने गेम जपणाऱ्यांकडे कधी ना कधी येते, पण लेखकाच्या होकाराशिवाय ती उघडपणे ठेवता येत नाही. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. त्यांचा पत्ता-फोन कुठेही टाकू नका.

लेखक बहुतेकदा खूश होतात. ॲपोजीने २००९ मध्ये 'क्रॉझ' फ्रीवेअर, म्हणजे पूर्ण फुकट, केला आणि सोर्सही खुला केला. 'स्कीफ्री'चे क्रिस पिरिह यांना हरवलेला सोर्स पुढे सापडला आणि त्यांनी ३२-बिट आवृत्ती काढली. टिम स्वीनी यांच्या १९९१ च्या 'झेडझेडटी'चा सोर्स उरलाच नव्हता. २०२० मध्ये एका हौशी प्रोग्रामरने मूळ प्रोग्राम उलगडून तो पुन्हा उभा केला आणि स्वीनी यांच्या संमतीने तो खुल्या परवान्याखाली आला. 'डिगर'चंही तसंच: अँड्र्यू जेनर यांनी मूळ प्रोग्राम उलगडून १९९८ मध्ये 'डिगर रीमास्टर्ड' केला, नाहीतर वेगवान मशीनवर तो खेळणं अशक्य होतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायच्या त्या 'शंभर गेम एका सीडीत' छापाच्या चोरट्या सीडींबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांना नाक मुरडू नये. एखाद्या गेमची पूर्ण आवृत्ती जगात कुठेच नसताना अशा सीडीवर निघण्याची शक्यता असते. पण जागा वाचवायला त्यातून संगीत, चलचित्रं काढलेली असतात, सुरुवातीच्या पडद्यावर फोडणाऱ्याचं नाव असतं. तेव्हा तो पुरावा म्हणून ठेवा, मूळ प्रत म्हणून नव्हे.

खोक्याकडे वळू. मुंबई-कोकणच्या हवेत पंचवीस पावसाळे काढलेल्या फ्लॉपीवर बुरशी असणार हे धरूनच चाला. सरकती पत्र्याची झाकणी हळूच सारून आतली चकती उजेडात बघा. पांढुरके ठिपके किंवा धुरकट पट्टे दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडते. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि मऊ, धागे न सुटणारं कापड यांनी आधी स्वच्छ करायची, वाळू द्यायची, मग वाचायची. साडेतीन इंची फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवली की लिहिणं बंद होतं. सव्वापाच इंचीला उलट, खाच चिकटपट्टीने झाकायची. हे आधी करा. विंडोज नुसती फ्लॉपी घातली तरी तिच्यावर काहीबाही लिहू शकतं.

फाईली ओढून कॉपी करू नका. अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या. साध्या, सुदृढ फ्लॉपीला यूएसबी ड्राइव्ह आणि 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम पुरेसा आहे. ते खराब जागा नोंदवून ठेवतं आणि परत परत प्रयत्न करतं. कॉपी-संरक्षण असेल किंवा डिस्क हट्टी असेल तर 'ग्रीझवीझल'सारखा ड्राइव्हला जोडायचा सर्किट बोर्ड घ्या. तो चुंबकीय संकेत जसेच्या तसे टिपते, अर्थ नंतर लावता येतो. सीडीच्या बाबतीत चूक होते ती आयएसओ प्रकारची प्रतिमा काढण्याची. त्या काळातल्या बऱ्याच गेमांचं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकच्या रूपात असायचं आणि आयएसओमध्ये ते येतच नाही. बिन आणि क्यू अशी फाईलींची जोडी काढा. मग सीडीच्या दोन्ही बाजू, मधल्या कड्यावरचा कोरीव क्रमांक, पाकीट, अंकाचं मुखपृष्ठ, सगळं स्कॅन करा. मासिकाच्या एका महिन्याच्या सीडीची दोनदा छपाई झालेली असू शकते, आणि फरक त्या कड्यावरच कळतो.

ओळख पटवताना अख्ख्या झिपचा हॅश (फाईलीच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळला नाही म्हणून गोंधळू नका. बुलेटिन बोर्डवाले त्यात स्वतःची जाहिरात घुसवायचे, त्यामुळे एकच गेम शंभर वेगवेगळ्या झिपांत दिसतो. झिपच्या सूचीत आतल्या प्रत्येक फाईलचा सीआरसी-३२ आकडा असतो. न सोडवताही तो वाचता येतो. तो जुळवा. आणि झिप पुन्हा बांधू नका, जाहिरातीसकट तशीच ठेवा. ती जाहिरातच सांगते की फाईल कुठल्या गावातून फिरून आली. फार जुनी झिप विंडोजला उघडता आली नाही तर ती बिघडलेली आहे असं लगेच समजू नका. १९८९ च्या सुमाराच्या दाबण्याच्या पद्धती विंडोजच्या एक्सप्लोररला येतीलच असं नाही, सेव्हन-झिप या प्रोग्रामला त्यातल्या बऱ्याच येतात.

चालवण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे मदत भरपूर मिळते. डॉससाठी डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम. 'रनटाइम एरर २००' आली तर फाईल ठीक आहे, गेम ज्यात लिहिला त्या टर्बो पास्कलला मशीन जास्त वेगवान वाटतंय; डॉसबॉक्सचा वेग कमी करा. तुमचा मुंग्यांचा गेम कदाचित ३२-बिट असेल आणि आजच्या विंडोजवर चालेलही, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असेल, म्हणून तो 'चालत नाही' असं वाटेल. जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या ८६बॉक्समध्ये विंडोज ९८ उभं करून तिथे इन्स्टॉल करा आणि तयार फोल्डर बाहेर काढा. सोबतची एचएलपी (मदतीची) फाईल तिथेच उघडून वाचा. व्हिस्टापासून विंडोजमधून तो वाचक काढून टाकला आहे, आणि खेळाचे नियम पुष्कळदा फक्त तिथेच असतात.

कायद्याचं तेवढं लक्षात ठेवा. भारतात प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. 'जुना आहे, कंपनी बुडाली, म्हणजे मोकळा' हे खरं नाही. स्वतःच्या रीतसर प्रतीची राखीव कॉपी करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. शेअरवेअर भाग वाटायची परवानगी बहुतेकदा झिपमधल्या 'व्हेंडर' किंवा 'सिसॉप' नावाच्या मजकूर फाईलमध्ये लेखी असते, अट एवढीच की पुडकं न बदलता द्यायचं. ती फाईल वाचा. मासिकाची सीडी चढवताना त्यावर पूर्ण व्यापारी सॉफ्टवेअर किंवा मासिकाचे स्वतःचे लेख आहेत का हेही बघा.

तुमच्या बाबतीत मी आज एवढंच करीन: १९९९-२००० चे जे अंक आठवतात त्यांची महिन्यांसकट नावं लिहून काढा, खोक्यातल्या सीडींचे कड्यावरचे क्रमांक उतरवून घ्या, आणि डिस्कमास्टरवर इंग्रजीत मुंगी आणि वारूळ हे दोन शब्द टाकून २००१ च्या आधीच्या फाईली बघा. काही सापडलं नाही तर ते क्रमांक मला पाठवा. माझ्याकडच्या प्रतिमांशी ताडून सांगतो.